बीजिंग, शिजियाझुआंग, शिआन, शांघाय : गटासोबत नऊ दिवस

चीनच्या गट सहलींचा साचा ठरलेला असतो. बीजिंगला तीन दिवस, शिआनला दोन, शांघायला दोन, आणि मधेमधे रेशीम, जेड, मोती नि चहाची ‘माहिती केंद्रं’. ही केंद्रं म्हणजे दुकानंच. त्यांत मिळून एक अख्खा दिवस सहज जातो. खालच्या आखणीत तो दिवस वाचवला आहे आणि मराठी प्रवाशाने चुकवू नयेत अशा तीन जागांना दिला आहे: शिजियाझुआंगमधली डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी, शिआनमधला ह्युएन त्संगाचा मनोरा आणि शांघायच्या नदीकाठचं ससून हाउस. आखणी वीस-बावीस जणांच्या, निम्मे ज्येष्ठ नागरिक असलेल्या गटासाठी आहे.

निघण्यापूर्वी

१ ते ७ ऑक्टोबर आणि १ ते ५ मे या तारखा टाळाव्यात. त्या दिवसांत अख्खा चीन सुट्टीवर असतो आणि तिकिटं पैसे मोजूनही मिळत नाहीत. एप्रिलचा मध्य किंवा ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ उत्तम.

गट व्हिसा म्हणजे सगळ्यांची नावं असलेला एकच कागद. तो स्वस्त पडतो, पण सगळ्यांना एकत्र आत जावं लागतं आणि एकत्रच बाहेर पडावं लागतं. कुणाला परतताना हाँगकाँगला मुलाकडे थांबायचं असेल, तर त्या जोडप्याचा व्हिसा सुरुवातीलाच वेगळा काढावा. ऐन वेळी यादीतून नाव सुटं करणं फार जड जातं.

चीनमध्ये पासपोर्ट हेच तिकीट. बीजिंगचा राजवाडा (फॉरबिडन सिटी), चिनी भिंत, संग्रहालय, रेल्वे, सगळीकडचं आरक्षण पासपोर्ट क्रमांकावर होतं. म्हणून यादी करताना प्रत्येक पासपोर्टच्या तळाशी असलेल्या दोन यांत्रिक ओळींवरून क्रमांक उतरवून घ्यावेत आणि दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्यावेत. नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं तर खिडकीवर समजावून सांगता येतं. क्रमांकातला एक आकडा चुकला तर फाटक उघडत नाही. नुकतंच पासपोर्टचं नूतनीकरण केलेल्यांनी जुना क्रमांक दिला आहे का, हे आवर्जून विचारावं. सर्वांत जास्त घोटाळा तिथेच होतो.

पैशांसाठी अलिपे किंवा वुईचॅट घरूनच फोनवर बसवावं, पासपोर्टने ओळख पडताळून घ्यावी आणि व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीचं बँक कार्ड जोडावं. कार्डावरचा आंतरराष्ट्रीय ऑनलाइन वापर बँकेच्या अ‍ॅपमधून चालू केलेला नसेल तर पैसे जात नाहीत. बँकेचा ओटीपी ज्या नंबरावर येतो तो नंबरही रोमिंगवर चालू हवा. परदेशी कार्डावर एका वेळी २०० युआनच्या वर खर्च केला की साधारण ३ टक्के आकार लागतो, त्यामुळे वीस जणांचं जेवणाचं बिल एकाच्या कार्डावर न टाकता वाटून भरावं. दहा आणि वीस युआनच्या थोड्या नोटा जवळ असू द्याव्यात.

गुगल, व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, यूट्यूब हॉटेलच्या वायफायवर चालत नाहीत. भारतीय सिमच्या आंतरराष्ट्रीय रोमिंगवर मात्र चालतात, कारण तो डेटा आपल्या कंपनीच्या जाळ्यातूनच फिरतो. गुगल नकाशावर तिथली ठिकाणं काही शे मीटर सरकलेली दिसतात. रस्ता शोधायला स्थानिक नकाशाचं अ‍ॅप घ्यावं.

खाऊ नेताना मांस, ताजी फळं आणि दुधाचे पदार्थ वगळावेत. ते सीमाशुल्क खात्यात काढून घेतले जातात, त्यामुळे पेढे-बर्फी नको. चकली, चिवडा, कोरड्या चटण्या, झटपट पोहे-उपमा यांना हरकत नसते. उकळतं पाणी हॉटेलात, स्टेशनवर, रेल्वेच्या डब्यात, सगळीकडे फुकट मिळतं, त्यामुळे झाकणाचा स्टीलचा डबा आणि चमचा जवळ असला की एका वेळची सोय होते.

दिवस १ : बीजिंग

हा सोमवार असावा, कारण राजवाडा सोमवारी बंद असतो आणि तो दिवस प्रवासात घालवणंच शहाणपणाचं. विमानतळावर बोटांचे ठसे घेतात आणि वेगळा व्हिसा असलेल्यांना आगमन कार्ड भरावं लागतं. ते आधी ऑनलाइन भरून ठेवलं तर रांगेत चष्मे शोधायची वेळ येत नाही. गट व्हिसावर आलेल्यांनी यादीतल्याच क्रमाने उभं राहावं. वेळ भारतापेक्षा अडीच तास पुढे. संध्याकाळी काहीही ठेवू नये. जेवण, झोप.

दिवस २ : थ्येनआनमन चौक आणि राजवाडा

राजवाड्याची तिकिटं सात दिवस आधी बीजिंग वेळेनुसार रात्री ८ वाजता, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला खुली होतात. गर्दीच्या दिवसांत ती पटापट संपतात. एप्रिल ते ऑक्टोबर ६० युआन, एरवी ४०. चौकात जायलाही वेगळं आरक्षण लागतं, आणि गाइडने ते केलं आहे ना, याची खात्री आदल्या रात्रीच करावी.

चौकाच्या सुरक्षा तपासणीत लायटर काढून घेतात. छापील कागद आणि कापडी फलक बारकाईने पाहतात. सहल कंपनीचा बॅनर धरून फोटो काढायची आणि जयघोष करायची आपली सवय इथे पूर्ण बाजूला ठेवावी. बॅनर हॉटेलातच राहू द्यावा.

बस जवळ थांबत नाही. चौकाच्या अलीकडे उतरल्यापासून राजवाड्याच्या उत्तर दारातून बाहेर पडेपर्यंत किमान तीन किलोमीटर चाल होते, तीही दगडी फरशीवर आणि बहुतेक उन्हात. आत सावली नाही म्हटलं तरी चालेल. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी चाकाची खुर्ची दक्षिणेच्या ‘वूमन’ दारापाशीच विचारावी. पुढे गेल्यावर पुन्हा मागे येणं होत नाही, कारण प्रेक्षकांचा ओघ दक्षिणेकडून उत्तरेकडे एकाच दिशेने ठेवला आहे.

मिंग घराण्याचा सम्राट योंगल याने १४०६ ते १४२० या काळात हा राजवाडा बांधला. १९१२ पर्यंत २४ सम्राट इथे राहिले आणि १९२५ मध्ये त्याचं संग्रहालय झालं. बहुतेक गट मधल्या अक्षावरून सरळ चालत जातात, तीन मोठ्या दालनांच्या दारात गर्दीत धक्के खातात आणि सिंहासनाचा अंधारा फोटो घेऊन निघतात. दोन गोष्टी मात्र थांबून पाहाव्यात. पहिली, ‘थायहद्येन’ या मुख्य दालनाच्या छताच्या कोपऱ्यावरची ओळ. पक्ष्यावर बसलेल्या माणसाच्या मागे दहा प्राणी आहेत. इमारतीचा दर्जा या संख्येवरून ठरत असे, आणि दहा फक्त याच इमारतीला आहेत. दुसरी, ‘बाओहद्येन’च्या मागच्या उतारावरची कोरीव शिळा: एकसंध दगड, लांबी साडेसोळा मीटर, वजन २०० टनांहून अधिक. हिवाळ्यात वाटेवर विहिरी खणून, रस्त्यावर पाणी ओतून बर्फ करायचा आणि त्यावरून असे दगड घसरवत आणायचे. शिळेवर पाय ठेवायची मनाई सम्राटाच्या काळातही होती आणि आजही आहे.

मग मधला अक्ष सोडून उजवीकडे, ईशान्येच्या खजिना दालनात जावं. वेगळं १० युआनचं तिकीट लागतं, म्हणूनच तिथे गर्दी कमी असते. नऊ ड्रॅगनची चमकदार फरशांची भिंत त्याच आवारात आहे.

उत्तर दारातून बाहेर पडल्यावर समोर जिंगशान टेकडी. राजवाड्याचा खंदक खणताना निघालेल्या मातीची ही टेकडी ४५ मीटर उंच आहे. १६४४ मध्ये बंडखोर शहरात शिरले तेव्हा शेवटच्या मिंग सम्राटाने इथेच झाडाला गळफास घेतला. वरून पिवळ्या छतांची अख्खी रचना एका नजरेत येते. राजवाडा आतून पाहून जे कळत नाही ते इथून कळतं. चढ पंधरा मिनिटांचा आहे. जे चढणार नाहीत त्यांना दारापाशी बसवून ठेवू नये, गाइडच्या मदतनिसाबरोबर बसपर्यंत पाठवावं.

दिवस ३ : मुत्येनयू, चिनी भिंत

चिनी भिंतीचा बादालिंगचा भाग जवळचा आणि प्रसिद्ध, पण गर्दी तिथेच लोटते. मुत्येनयूचा भाग शहरापासून सुमारे ७० किलोमीटर, दीड ते दोन तास. सकाळी साडेसातला बस सुटली तर दहापूर्वी भिंतीवर पोहोचता येतं. तिकीटघरापासून पायथ्यापर्यंत शटल बस आहे.

पुढचा भाग नीट समजून घ्यावा, कारण गट इथेच फुटतात. वर जायला दोन साधनं आहेत. बंद डब्यांची केबल कार १४ क्रमांकाच्या बुरुजाशी सोडते. उघडी खुर्ची-लिफ्ट ६ क्रमांकाच्या बुरुजाशी सोडते आणि खाली यायला तिथूनच धातूच्या पन्हळीतली घसरगाडी आहे. दोन्हींचे चालक वेगळे, तिकिटं वेगळी, एकाचं दुसऱ्याकडे चालत नाही. केबल कारचं जाऊन-येऊन तिकीट घेतलेला माणूस भिंतीवरून ६ क्रमांकाकडे उतरत गेला, तर त्याला पुन्हा १४ पर्यंत चढून यावं लागतं. म्हणून गटाचे सुरुवातीलाच दोन भाग करावेत. ज्येष्ठांनी केबल कारने वर जावं, १४ च्या आसपास सपाटीवर तासभर फिरावं आणि केबल कारनेच खाली यावं. धडधाकट मंडळींनी केबल कारचं एकेरी तिकीट घ्यावं, १४ वरून ६ पर्यंत चालावं (दीड तास, बहुतेक उतार) आणि घसरगाडीने उतरावं. वय आणि उंचीचे नियम खिडकीवर लावलेले असतात, ते तिकिटाआधी विचारावेत. २० क्रमांकाकडचा चढ देखणा आहे पण अतिशय उभा.

पायऱ्यांची उंची सारखी नाही. एक वीतभर, तर पुढची गुडघ्याएवढी. चढताना दम लागतो, पण पाय मुरगळतो तो उतरताना. रबरी टोकाची काठी असावी. वारा जोराचा असला की केबल कार थांबवतात, म्हणून आदल्या रात्री हवामान पाहून गरज पडल्यास हा दिवस चौथ्याशी बदलावा.

हाताशी आणखी अर्धा दिवस असेल तर तो बादालिंगच्या वाटेवरच्या जूयोंगग्वान खिंडीला द्यावा. तिथे १३४५ साली पूर्ण झालेला संगमरवरी ‘मेघमंच’ आहे. त्याच्या कमानीच्या आतल्या भिंतींवर सहा लिप्यांत मजकूर कोरला आहे आणि त्यातला एक संस्कृत आहे. भिंतीच्या सावलीत संस्कृत धारणी (बौद्ध मंत्रपाठ) पाहायला मिळते, तरी तिच्याकडे वळून न पाहता गट पुढे निघून जातात, याची खंत वाटते.

दिवस ४ : स्वर्गमंदिर आणि उन्हाळी राजवाडा

स्वर्गमंदिराला सकाळी सातला, पूर्व दाराने. बीजिंगचे आजी-आजोबा तेव्हा व्यायामाला, गाण्याला, पत्ते खेळायला जमलेले असतात. संयुक्त तिकीट घ्यावं, कारण नुसत्या उद्यानाच्या तिकिटावर मुख्य वास्तूंपाशी जाता येत नाही. सुगीच्या प्रार्थनेचं गोल दालन ३८ मीटर उंच, सगळं लाकडी सांध्यांवर उभं आहे. आतले ४ खांब ऋतूंचे, १२ महिन्यांचे, १२ दिवसाच्या प्रहरांचे. सध्याची इमारत १८८९ च्या विजेने लागलेल्या आगीनंतर पुन्हा बांधलेली आहे. दक्षिणेच्या गोल वेदीवर मधल्या दगडाभोवती ९, मग १८, असं करत नवव्या वर्तुळात ८१ दगड आहेत. मुलं बरोबर असतील तर त्यांना मोजायला लावावेत.

दुपारी उन्हाळी राजवाडा. तलावाकाठची ७२८ मीटरची चित्रांकित ओसरी चालावी आणि नावेने परतावं. टेकडी वगळली तरी चालेल.

या दिवशी जेवणाबद्दल थोडं, कारण चौथ्या दिवसापर्यंत शाकाहारी मंडळी कंटाळलेली असतात. अडचण अशी की तिथे ‘भाजी’ मागितली की भाजी येते, पण तिच्यात खिमा, डुकराची चरबी, शिंपल्यांचा सॉस किंवा कोंबडीचं पाणी असू शकतं. परतलेल्या फरसबीत आणि वांग्यात बहुधा खिमा असतोच. मापो तोफू या सोयाबीनच्या पनीरच्या पदार्थातही. गाइडकडून चिनीत एक कार्ड लिहून घ्यावं: मांस, मासे, अंडं, चरबी, मांसाचा रस्सा, शिंपल्यांचा सॉस यांतलं काही नको. बटाट्याच्या बारीक काड्या व्हिनेगरमध्ये परतलेल्या, लसणातली पालेभाजी, थंड काकडी, वाफवलेले बिनसारणाचे पाव आणि भात हे पदार्थ बहुतेक ठिकाणी मिळतात. बौद्ध शाकाहारी उपाहारगृहांत कांदा-लसूणही नसतो. जैन मंडळींसाठी ती मोठीच सोय आहे, मात्र कंदमुळांचं वेगळं सांगावं लागतं.

दिवस ५ : शिजियाझुआंगमार्गे शिआन

बीजिंग पश्चिम स्टेशनवरून सकाळी आठच्या आसपासची वेगवान गाडी. स्टेशनवर गाडीच्या तासभर आधी पोहोचावं. सामान क्ष-किरणातून जातं, सुऱ्या काढून घेतात, मोठ्या दुर्गंधीनाशक फवाऱ्यांनाही हरकत घेतात. फलाटाचं फाटक गाडी सुटण्याच्या काही मिनिटं आधी बंद होतं. पासपोर्ट स्वयंचलित फाटकावर वाचला गेला नाही तर कडेच्या, माणूस बसलेल्या रांगेत जावं.

शिजियाझुआंग साधारण २८० किलोमीटर, सव्वा तास. मधल्या स्टेशनांवर गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते. वीस माणसं आणि वीस बॅगा उतरवायच्या तर दहा मिनिटं आधी दोन्ही दारांशी उभं राहावं आणि बॅगा आधी नाही, माणसं आधी उतरवावीत.

स्टेशनबाहेर आधीच सांगितलेली मिनीबस घ्यावी. सामान बसमध्येच राहतं. उत्तर चीन लष्करी विभागाचं हुतात्मा उद्यान शहरातच, पश्चिम चोंगशान रस्त्यावर आहे. सोलापूरच्या डॉ. कोटणीसांची समाधी आणि पुतळा तिथे आहे, जवळच कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून यांची समाधी. काँग्रेसने १९३८ मध्ये चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात कोटणीस होते, आणि नागपूरचे डॉ. चोळकरही. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी ह्याच हबै प्रांतात त्यांचं निधन झालं. चिनी माणसं आजही इथे फुलं ठेवतात. एप्रिलच्या सुरुवातीला पितरांच्या सणाच्या दिवसांत शाळकरी मुलांच्या रांगा असतात. फुलं उद्यानाच्या बाहेरून घ्यावीत, आत मोठ्याने बोलू नये. दीड तास पुरतो. ही थांबणी कुठल्याही छापील कार्यक्रमपत्रिकेत नसते, ती मागून घ्यावी लागते. कंपनीला फक्त तिकीट दोन तुकड्यांत काढायचं असतं.

दुपारच्या गाडीने शिआन उत्तर, साडेतीन-चार तास. डब्यात मोठ्या बॅगा शेवटच्या रांगेच्या मागे मावतात.

दिवस ६ : मातीचं सैन्य आणि तटबंदी

चीनचा पहिला सम्राट छिन शृ हुआंग याच्या समाधीपाशी पुरलेल्या मातीच्या सैनिकांचं संग्रहालय शहराच्या पूर्वेला ४० किलोमीटरच्या आसपास. उघडताच आत असावं आणि थेट १ क्रमांकाच्या दालनात जावं. दहानंतर कठड्याशी तीन-चार रांगा असतात. दारापासून दालनांपर्यंत पंधरा मिनिटं चाल आहे. वाटेत ‘हेच संग्रहालय’ म्हणून हाका मारणारी नकली प्रदर्शनं आहेत, तिकडे वळू नये.

मार्च १९७४ मध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना पहिले तुकडे सापडले. १ क्रमांकाचा खड्डा २३० मीटर लांब, ६२ मीटर रुंद. पुढून फोटो काढून परतू नये, कडेने शेवटपर्यंत जावं. मागच्या बाजूला तुकडे जोडण्याचं काम चालतं. धड, हात, शिर यांवर खुणांच्या पट्ट्या लावलेले अर्धवट सैनिक तिथे उभे असतात. वरचं लाकडी छत जळून कोसळल्यामुळे मूर्तींचा चुरा झाला होता. आज ज्या रांगा दिसतात त्या माणसांनी वर्षानुवर्षं बसून जोडलेल्या आहेत. मूर्ती मुळात रंगीत होत्या. बाहेर काढल्यावर कोरडी हवा लागताच रंगाखालचा लाखेचा थर आक्रसतो आणि काही मिनिटांत सोलून निघतो. म्हणूनच बराच भाग मुद्दाम खणलेला नाही.

२ क्रमांकात गुडघ्यावर बसलेला धनुर्धर काचेत अगदी जवळून पाहता येतो. त्याच्या बुटाच्या तळव्यावरचे टाके मोजावेत असे आहेत. ३ क्रमांक हे छोटं सेनापती-दालन. कांस्य रथ आता सम्राट छिन शृ हुआंगच्या समाधीच्या आवारातल्या वेगळ्या इमारतीत आहेत. त्याच तिकिटावर शटल बसने जाता येतं, पण गाइड वेळ वाचवायला ते गाळतात. गाळू देऊ नयेत.

संध्याकाळी शिआनची तटबंदी, दक्षिण दारावरून. परीघ १३.७४ किलोमीटर, वरची रुंदी बारा मीटरहून जास्त, भाड्याने सायकली मिळतात. विटांवर सायकल हादरते, पूर्ण फेरीला दोन तास धरावेत. सायकल परत करण्याची वेळ आधी विचारून घ्यावी.

दिवस ७ : ह्युएन त्संगाचा मनोरा, मग शांघाय

‘मोठ्या रानहंसाचा पॅगोडा’ ६५२ मध्ये बांधला तो ह्युएन त्संगाने भारतातून आणलेले ग्रंथ ठेवायला. ६४५ मध्ये तो ६५७ ग्रंथ घेऊन परतला होता. पुलकेशी दुसऱ्याच्या काळात तो महाराष्ट्रात येऊन गेला. इथले लोक उपकार विसरत नाहीत, अपमान सहन करत नाहीत आणि सूड घेण्याआधी शत्रूला सूचना देतात, असं त्याने लिहून ठेवलं आहे. त्याने वर्णन केलेला डोंगरातला कोरीव विहार म्हणजे अजिंठा, असं अभ्यासक मानतात. मनोरा ६४ मीटर, सात मजली, किंचित एका बाजूला कललेला. आवाराचं आणि वर चढण्याचं तिकीट वेगळं, जिना अरुंद. चढलं नाही तरी चालेल, पण आवारात त्याच्या जीवनावरचं दालन जरूर पाहावं. बहुतेक गट बाहेरच्या पुतळ्याजवळ फोटो काढून कारंज्याकडे जातात.

दुपारी मुस्लिम मोहल्ला आणि महामशीद. मशिदीची बांधणी पूर्ण चिनी, कौलारू छतांची. मोहल्ल्यात शाकाहाऱ्यांना खजुराचं गोड आणि तिखट-आंबट थंड ‘ल्यांगपी’ (शेवयांचा प्रकार) चालेल.

संध्याकाळच्या विमानाने शांघाय. इथे एक नियम फार महत्त्वाचा आहे: २८ जून २०२५ पासून चीनच्या देशांतर्गत विमानांत ३सी (चीनचं सक्तीचं सुरक्षा प्रमाणपत्र) चिन्ह असलेलीच पॉवर बँक चालते. भारतात घेतलेल्यांवर ते सहसा नसतं. सुरक्षा तपासणीत ती ठेवून जावी लागते. एक तर घरी ठेवावी, नाहीतर बीजिंगमध्ये चिन्ह पाहून घ्यावी.

दिवस ८ : शांघाय

‘बंड’ हा जुन्या इमारतींचा नदीकाठचा रस्ता सकाळी सातला आणि पुन्हा दिवे लागल्यावर, दोनदा पाहावा. हिरव्या पिरॅमिडच्या छपराची इमारत म्हणजे १९२९ चं ससून हाउस. मुंबईची ससून गोदी, काळाघोडा इथलं डेव्हिड ससून वाचनालय, पुण्याचं ससून रुग्णालय, सगळं याच घराण्याच्या पैशातून. त्या पैशात मुंबईहून चीनला गेलेल्या अफूचा मोठा वाटा होता. गाइड इमारतीची शैली सांगतात, ही बाजू आपणच सांगावी.

पलीकडे जायला महागडी बोगद्याची सफर नको. नदी ओलांडणारी साधी फेरीबोट २ युआनमध्ये तेच दृश्य दाखवते. शांघाय टॉवर ६३२ मीटर. तिकीट घेण्याआधी खालून वर पाहावं. टोक ढगात असेल तर वर पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसत नाही. यूयुआन बाग छोटी पण दाट आहे, दीड तास द्यावा.

नानजिंग रस्त्यावर छान इंग्रजी बोलणारे तरुण ‘चहा समारंभाला’ बोलावतात. नंतर येणारं बिल शेकडो युआनांचं असतं. हसून नकार द्यावा आणि चालू लागावं. गाइडने दुकानात नेण्याचा आग्रह धरला, तर २०१३ च्या चिनी पर्यटन कायद्याने सक्तीच्या खरेदीला बंदी आहे, हे टूर मॅनेजरने शांतपणे सांगावं.

दिवस ९ : परत

पूडोंग विमानतळाला जाताना लोंगयांग रस्त्यापासून मॅग्लेव्ह (चुंबकावर तरंगत धावणारी गाडी), ३० किलोमीटर, आठेक मिनिटं, त्याच दिवसाचं विमान तिकीट दाखवलं की ५० ऐवजी ४० युआन. गटाचं सामान बसने पाठवावं. एका दुकानात एका दिवशी २०० युआन किंवा जास्त खरेदी असेल आणि करपरताव्याची पावती घेतली असेल, तर सामान चेक-इन करण्याआधी सीमाशुल्काचा शिक्का घ्यावा. बॅग पट्ट्यावर गेल्यावर शिक्का मिळत नाही. गट व्हिसाची मूळ यादी टूर मॅनेजरच्या हातातल्या पिशवीत ठेवावी. ती चेक-इन बॅगेत गेली तर अख्खा गट इमिग्रेशनपाशी अडकतो.